नीलकंठचा उजवा पाय

आमच्या नीलकंठले ओळखायचं असन तं त्याच्या तोंडाकडे पाहू नका. तोंड असं, की आत्ताच कोणाच्या मयतीहून आला. त्यापेक्षा त्याच्या बसमध्ये बसा अन् डोळे मिटा. गाडी कधी निघाली अन् कधी थांबली हे समजलंच नाही, तं समजा स्टेअरिंगवर माझा भाऊ आहे.

मी गोदू, त्याची मोठी बहीण. रायपूरच्या गुढियारीत मले तोंडावर गोदूताई म्हणतात अन् माघारी तोफ म्हणतात. म्हणू द्या. मी पोळी-भाजीचे डबे पुरवते, कोणाच्या बापाचं खात नाही. मनात एक अन् तोंडात एक, हे मले जन्मात जमलं नाही. भाजी खारट झाली तं गिऱ्हाइकाच्या आधी मीच फोन करून सांगते. बारशाले गेली अन् पोराचं नाक नकटं दिसलं तं नकटंच म्हणते. त्यापायी सासरी काही निभलं नाही. मालक गेले तशी लेकाले, परागले घेऊन भावाकडे आली, ते आजपर्यंत. नीलकंठची बायको विमल तेव्हा होती. पुढं ती गेली, त्यांची स्वरदा लग्न होऊन भिलाईले गेली, अन् घरात राहिलो आम्ही तिघं.

आमचा बाप वरूडकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीले आला होता. त्याले वाटे, पोट्टा शिकन अन् रेल्वेत बाबू होईन. पोट्टा शाळेत जायचा खरा, पण सारं लक्ष बाहेर उभ्या ट्रकांकडे. शेवटी शाळा सुटली अन् तो भैय्यालाल उस्तादाच्या ट्रकवर क्लीनर लागला. हा उस्ताद छत्तीसगढी म्हातारा, अंगानं काटकुळा, पण शिस्तीचा पक्का. पहिल्याच दिवशी नीलकंठ चप्पल घालून केबिनमध्ये चढला, तं त्यानं कान धरून खाली उतरवला. "गाड़ी लछमी ए, पनही पहिर के झन चढ़बे." गाडी लक्ष्मी आहे, जोडा घालून चढायचं नाही. झालं. तेव्हापासून नीलकंठ गाडीत अनवाणी.

ट्रक सुटला, मंग शंकर नगरच्या एका शाळेची बस आली, पण सवय सुटली नाही. चप्पल खालच्या पायरीजवळ काढायची, पायरीले हात लावून कपाळाले लावायचा अन् मंग चढायचं. थंडीत पाय गारठले तरी तेच. मे महिन्यात पॅडल तापून तवा झालं तं त्याच्यावर बाटलीतलं पाणी टाकायचं, पण पाय उघडाच. मी कितीदा म्हटलं, "काहून बे, उस्ताद कधीचाच वर गेला, आता कोण पाहून राहिलं?" तो म्हणे, "गोदू, ब्रेक घासत आला की आधी अंगठ्याले समजते. जोड्याले काय समजते?"

अन् खोटं नव्हतं ते. सकाळी गुढियारीतून पोट्टे चढत, मंग अंडरब्रिजखालून निघून ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीतोंडाशी थांबे, तिथून शंकर नगर. अर्ध्याच्या वर पोट्टे झोपलेले राहत. शाळा आली की बसमधली लेकरं सांभाळणाऱ्या मीराबाईले एकेकाले हलवून जागं करावं लागे. ती मले एकदा म्हणाली, "दीदी, तुमचा भाऊ बस चालवत नाही, पाळणा हलवते." मी घरी येऊन त्याले सांगितलं. त्या दिवशी त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मंग त्याले शुगर निघाली. डॉक्टरकडे मी संगं गेली होती. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या अन् म्हटलं, "पैर का ध्यान रखना. नंगे पाँव बिल्कुल नहीं." बाहेर आल्यावर नीलकंठच्या लक्षात गोळ्या राहिल्या, पाय राहिला नाही. पुरुषांचे कान असेच, सोयीचं ते ऐकतात. मी मनात ठेवलं. दिवाळी तोंडावर होती.

मालवीय रोडवर जाऊन मी मऊ तळव्याचा जोडा घेतला, संगं मोजे. भाऊबीजेले त्याले पाटावर बसवलं, ओवाळलं. त्यानं ताटात टाकायले खिशात हात घातला तं मी म्हटलं, "राहू दे. मले दुसरी ओवाळणी पाहिजे. हा जोडा पायात घाल अन् झोपेपर्यंत काढू नको."

"गाडीत?"

"गाडीतही."

त्याचं तोंड अजून पडलं. भाऊबीजेची ओवाळणी, नाही कसं म्हणन? शाळा सुरू झाली त्या दिवशी तो बसची पायरी जोडा घालून चढला. मीराबाईनं सांगितलं, की चढायच्या आधी वर पाहून त्यानं दोन्ही कान धरले. उस्तादाची माफी मागितली असन.

पुढं थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. एका दुपारी नीलकंठ घरी आला अन् जोड्यासकट खाटेवर बसून राहिला. जेवायले वाढलं तं ताटाले हात नाही. मी म्हटलं, "काय झालं ते बोल, नाही तं मी शाळेत फोन लावते." असं धमकावलं की तो बोलते.

शाळेनं मागच्या वर्षी साऱ्या बसांमध्ये एक डब्बा बसवला होता. गाडी किती जोरात पळते, कुठं थांबते, ते सांगणारा. आम्हाले वाटलं तेवढंच त्याचं काम. पण तो डब्बा हेही शिकून घेतो, की कोणता ड्रायव्हर कशी गाडी चालवते. अन् त्या डब्ब्यानं शाळेले सांगितलं, की नीलकंठची बस नीलकंठ चालवून नाही राहिला, दुसराच कोणी चालवून राहिला. शाळेतले बसांचे इनचार्ज दिवाकरजी, त्यांनी त्याले बोलावून विचारलं, "सच बताओ, भांजे को तो नहीं देते गाड़ी?" भाचा म्हणजे माझा पराग. तो सुट्टीच्या दिवशी मामाले बस धुवू लागते, तेवढा त्याचा गुन्हा. सोमवारी कमिटी बसणार होती. खरं ठरलं तं नीलकंठची बस जाणार, अन् लेकरांच्या जिवाशी खेळला म्हणून पोलिसात नाव जाणार. मंग रायपुरात कोणती शाळा त्याले उभं करन?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अन् तू काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मीच चालवतो."

"बस? एवढंच?"

"दुसरं काय म्हणू? मीच चालवतो नं."

पाहा आता! कर नाही त्याले डर कशाले, हे बरोबर, पण माणसानं जरा आवाज तं चढवावा. पदर खोचला अन् डबे मीराबाईच्या पोरीवर सोपवून दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर.

दिवाकरजी भला माणूस, मले पाहून उभाच राहिला. मी म्हटलं, "तुमचा डब्बा काल आला, माझा भाऊ केस पांढरे होईपर्यंत इथं गाडी चालवून राहिला. डब्ब्याचं खरं अन् माणसाचं खोटं? तुमच्या डब्ब्याले डोळे आहेत का?" ते म्हणाले, "दीदी, बैठिए, मशीनवाली मैडम आज यहीं है, उसी से पूछ लीजिए."

मशीनवाली म्हणजे निवेदिता नावाची चष्म्याची पोट्टी. घर ब्राह्मणपाऱ्यात, आजे-पणजे नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून इथलेच. मराठी सारी समजे तिले, पण उत्तर द्यायची हिंदीत. मी भांडायले आली होती, अन् ती पोट्टी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. अशा माणसाशी भांडता येत नाही, मोठी पंचाईत होते.

ती म्हणाली, "आंटी, ये चेहरा नहीं देखता, नाम भी नहीं जानता. इतना ही जानता है कि चलाने वाला ब्रेक कैसे दबाता है, गाड़ी कैसे उठाता है, मोड़ पर कैसे घुमाता है. हर आदमी का अलग होता है."

अन् मले ते पटलं, हीच तं पंचाईत. माझी पोळी अन् मीराबाईची पोळी एकाच डब्यात द्या, कणीक एक, तवा एक, तरी खाणारा सांगते कोणती कोणाची. हाताचं वळण लपत नाही. मंग पायाचं कसं लपन?

तिनं कम्प्युटरवर रेघा दाखवल्या. आधीच्या रेघा अशा, की हळूच उतरलेल्या, पसरट. मंग एकदम टोकदार. ब्रेक उशिरा अन् जोरात. "ये देखिए," ती म्हणाली, "दिवाली की छुट्टी तक अंकल. छुट्टी के बाद से कोई और."

दिवाळी! मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, जोडा!"

दोघंही माझ्याकडे पाहून राहिले. मी सारं सांगितलं, उस्ताद, लछमी, भाऊबीज, सारं. जन्मभर उघड्या पायानं चालवलं अन् आता बहिणीनं जोडा चढवला, तं पाय दुसऱ्याचा वाटणारच नं! दिवाकरजी हसले. निवेदिताही हसली, अन् म्हणाली, "हो सकता है आंटी. बिल्कुल हो सकता है." मंग ठरलं, की रविवारी रिकामी बस काढायची, नेहमीचा रस्ता, नीलकंठ अनवाणी. मी संगं बसणार, निवेदिता संगं बसणार. डब्बा नीलकंठले ओळखन अन् सोमवारची कमिटी बसायच्या आधीच उठन. घरी येऊन मी शिरा केला. पराग म्हणाला, "माँ, रिजल्ट तो आने दो." मी म्हटलं, "गप्प बस, खा."

रविवारी सकाळी शाळेच्या मागच्या मैदानात बस उभी होती. तिथं बाभळीची झाडं आहेत, बसांवर सावली राहते म्हणून शाळेनं तोडली नाहीत. नीलकंठनं जोडा-मोजे मैदानाच्या कडेलेच काढले, माझ्या हातात दिले अन् अनवाणी चालत बसकडे गेला. चालता चालता त्याचं ते मयतीचं तोंड जरासं उजळलं होतं. पायरीले हात लावला, कपाळाले लावला, चढला. मले एवढा आनंद झाला, की काय सांगू.

मी मधल्या सीटवर बसली अन् डोळे मिटले.

बस निघाली, अन् निघाली हे मले समजलं.

मी म्हटलं, असन, किती दिवसांनी उघडा पाय, सवय गेली असन. शंकर नगरचा पहिला गतिरोधक आला. माझी पाठ सीटले आपटली नाही, पण हलली. ब्राह्मणपाऱ्याच्या वळणावर गाडी थांबली, थांबून अजून जराशी थांबली, तसा एक हिसका. डोळे उघडायची माझी हिंमत होईना. अंडरब्रिजच्या उतारावर त्यानं ब्रेक उशिरा दाबला अन् मंग एकदम दाबला. मी पुढच्या सीटचा दांडा धरला. माझ्या भावाच्या बसमध्ये मले दांडा धरावा लागला. मले माझ्या भावाचा राग आला नाही, जोड्याचा आला नाही, डब्ब्याचाही आला नाही. मले भीती वाटली, एवढंच.

परत मैदानात येईपर्यंत निवेदिता हातातल्या पाटीसारख्या कम्प्युटरकडे पाहत होती. गाडी थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "आंटी, बात जूते की नहीं है. ये अब भी किसी और को ही बता रहा है." मंग दिवाकरजींशी बोलायले खाली उतरली.

मी पुढं गेली. नीलकंठ सीटवरून उठून उतरत होता. ब्रेकच्या पॅडलवर काहीतरी ओलं दिसलं. मले वाटलं, पाणी टाकलं असन. थंडीत कायले टाकन पाणी? वाकून पाहिलं तं रक्त. पायरीवर पण रक्त, त्याच्या पायाच्या आकाराचं.

"नीलकंठ, पाय वर कर."

"काहून?"

"कर म्हणते नं!"

त्यानं दाराले धरून उजवा पाय वर केला. अंगठ्याच्या खालच्या मांसात बाभळीचा काटा, बुडापर्यंत गेलेला. मैदानातून बसकडे येतानाच घुसला असन. तो काटा घेऊन माझा भाऊ गुढियारीपर्यंत जाऊन आला होता. त्याच पायानं ब्रेक दाबत.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"काय?" तो म्हणाला.

मंग त्यानं स्वतः पाहिलं. काटा उपटला, तेव्हाही त्याचं तोंड हललं नाही. काटा तळहातावर घेऊन पाहत राहिला.

तेवढ्यात निवेदिता अन् दिवाकरजी आले. दोघंही खुशीत. पोट्टी म्हणाली, "अंकल, टेंशन मत लीजिए. चलाने वाले आप ही हैं, ये तो मैंने आज सामने बैठके देखा. सर भी मान गए. मशीन को नया सिखा देंगे. थोड़े दिन आप ऐसे ही चलाइए, वो इसी को नीलकंठ मान लेगा." दिवाकरजी म्हणाले, "हव, हव, कमिटी को मैं समझा दूँगा. बस आपकी ही है."

मी काय केलं सांगते. मी पटकन जोडा त्याच्या पायापुढं सरकवला, रक्त झाकून. अन् दबक्या आवाजात म्हटलं, "घाल. लवकर घाल." ज्या बाईनं जन्मात भाजीतलं मीठ लपवलं नाही, ती मी. नोकरी वाचत होती, नाव वाचत होतं, परागवरचा आळ जात होता. मले दुसरं काही सुचलंच नाही.

नीलकंठनं जोडा घातला नाही. तळहात पुढं केला.

"मॅडम, हा काटा केव्हाचा पायात होता, मले माहीत नाही. तुमची मशीन शिकन, ती हुशार आहे. पण ब्रेक किती दाबला हे मलेच समजत नाही, तं तिले काय शिकवू?" मंग त्यानं खिशातून किल्ली काढली अन् दिवाकरजींच्या हातावर ठेवली. "पोट्टे झोपलेले राहतात, दिवाकरजी."

निवेदितानं चष्मा काढला. मी मात्र तिथंच ओक्साबोक्शी रडली. लाज कायची?

घरी येताना ऑटोत मी त्याले धू धू धुतला. "मेल्या, तोंड बंद ठेवलं असतं तं काय गेलं असतं तुझं? ती पोट्टी सारं सांभाळून घेऊन राहिली होती नं?"

तो पायाच्या पट्टीकडे पाहत म्हणाला, "तू कधी ठेवलं?"

ऑटोवाला आरशात पाहून हसला, मी त्याच्यावर खेकसली.

शाळेनं त्याले सोडलं नाही, एवढं चांगलं केलं. मीराबाई गावी गेली तेव्हापासून त्याच बसमध्ये दारापाशी नीलकंठ बसते, लेकरं चढवते, उतरवते. गाडी मारोती नावाचा ड्रायव्हर चालवते. पोट्टा वाईट नाही, पण अंडरब्रिज आला की लेकरं जागी होतात. नीलकंठ त्याले काही म्हणत नाही. फक्त उतार आला की त्याचा उजवा पाय जोड्यातल्या जोड्यात खाली दाबते, तेही त्याले समजत नसन. आमच्या शेजारच्या लेकरानं मले सांगितलं, "दादाजी बैठे-बैठे गाड़ी रोकते हैं."

रोज संध्याकाळी मी त्याचे पाय पाहते. शुगरनं पाय बधिर होऊन राहिले, म्हणून डॉक्टरनंच शिकवलं. कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या मधून पुसायचे, तळव्याले काही लागलं का ते दिव्याजवळ नेऊन पाहायचं. मी विचारते, "आज काही टोचलं का?" तो म्हणते, "मले काय माहीत, तूच पाह्य." मंग त्यानं डोळे मिटायचे अन् मी एक बोट धरायचं, कोणतं धरलं ते त्यानं ओळखायचं. सुरुवातीले बरीच ओळखे. डाव्या पायाची अजूनही ओळखते.

काल मी उजव्या पायाची करंगळी धरली. जरा जोरातच धरली.

त्यानं डोळे मिटून चांगला वेळ घेतला. उस्तादापुढं बसल्यासारखा ताठ बसला होता. मंग म्हणाला, "अंगठा."

"हव," मी म्हटलं, "अंगठाच." अन् मोजा चढवला.